काळा मोती : लार्बी बेन बारेक

भात कापून झाले की आमच्या गावची मुले मोकळ्या शेतात फुटबॉल खेळावयास उतरतात. त्यांना पेले ठाऊक असतो, मॅराडोना ठाऊक असतो. लार्बी बेन बारेक हे नाव मात्र त्यांतील कोणी ऐकलेले नसते. दोष मुलांचा नव्हे. हा थोर खेळाडू ज्या शहरात जन्मला आणि वारला, त्या शहरासही अखेरीस त्याचा विसर पडला होता.

बेन बारेक यांचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मोरोक्कोतील कासाब्लांका बंदरी एका गरीब घरात झाला. मोरोक्कोवर तेव्हा फ्रान्सचा अंमल होता. १९३८ साली मार्सेय येथील संघाने या तरुणास समुद्रापलीकडे नेले आणि त्याच वर्षी, ४ डिसेंबर रोजी, तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातून इटलीविरुद्ध नेपल्स येथे खेळला. काळ मुसोलिनीचा. प्रेक्षकांनी त्याच्या वर्णावरून हुर्यो उडवली, तेव्हा त्याने फ्रान्सचे राष्ट्रगीत अधिकच मोठ्याने म्हटले, असे सांगतात. परक्या सत्तेचे गीत तो एवढ्या आवेशाने का गाइला असेल? १९६१ पर्यंत परकी निशाण पाहिलेल्या आम्हां गोमंतकीयांना हा प्रश्न टाळता येत नाही. आणि त्याचे सोपे उत्तरही आम्हांस सापडलेले नाही.

महायुद्धाने ऐन उमेदीची सहा वर्षे गिळली. ती बेन बारेक यांनी कासाब्लांकातच खेळून काढली. १९४५ साली ते पॅरिसच्या स्ताद फ्रांसे संघात आले. तेथे त्यांना एलेनियो एर्रेरा हे प्रशिक्षक लाभले. १९४८ साली अत्लेतिको माद्रिद संघाने त्यांना स्पेनमध्ये नेले. पुढे एर्रेराही तेथेच आले आणि १९५० व १९५१ अशी लागोपाठ दोन वर्षे अत्लेतिकोने स्पेनचे अजिंक्यपद मिळवले. ‘काळा मोती’ हे नाव एव्हाना सर्वतोमुखी झाले होते. फ्रान्सच्या संघाने मात्र या सहा वर्षांत त्यांना एकदाही बोलावले नाही. विश्वचषकाचा एकही सामना त्यांच्या वाट्यास आला नाही, ही चुटपुट आम्हांस लागून राहते.

१९५३ साली ते मार्सेयला परतले. पस्तिशी केव्हाच उलटली होती. १९५४ च्या सप्टेंबरात अल्जीरियातील ऑर्लेआंव्हील शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. पीडितांच्या मदतीसाठी ७ ऑक्टोबर रोजी पॅरिस येथे सामना ठरला : एका बाजूस फ्रान्स, दुसऱ्या बाजूस मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया येथील खेळाडू. राज्यकर्त्यांच्या राजधानीत त्यांच्याच संघापुढे हे तिन्ही देशांचे लोक एकत्र उभे ठाकले आणि ३–२ असे जिंकलेही! त्या दिवशी बेन बारेक असे खेळले की, निवड करणाऱ्यांनी त्यांना लगोलग फ्रान्सच्या संघात घेतले. १६ ऑक्टोबरला हानोव्हर येथे विश्वविजेत्या पश्चिम जर्मनीशी गाठ होती. फ्रान्सने सामना जिंकला; परंतु बेन बारेक यांना दुखापतीमुळे अर्ध्या तासाच्या आतच मैदान सोडावे लागले. पहिल्या सामन्यापासून या शेवटच्या सामन्यापर्यंत १५ वर्षे १० महिने लोटले होते. आणखी पंधरा दिवसांनी अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्धाचा भडका उडाला.

मोरोक्को १९५६ साली स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी त्याचा राष्ट्रीय संघ बैरुत येथील अरब क्रीडामहोत्सवात उतरला. पहिल्या सामन्यात त्याने इराकशी ३–३ अशी बरोबरी साधली. त्या संघाचे प्रशिक्षक होते बेन बारेक. ज्याने उभी हयात दुसऱ्यांच्या रंगांचे सदरे अंगावर चढवले, त्याला आपल्या देशाचा सदरा स्वतः घालता आला नाही. तो त्याने तरुणांच्या अंगावर पाहिला.

पुढील वर्षांविषयी लिहिताना लेखणी जड होते. मान गेला, माणसे पांगली. १९९२ च्या सप्टेंबरात कासाब्लांकातील राहत्या घरी ते एकाकी वारले आणि ही गोष्ट शेजारपाजाऱ्यांना कळण्यास काही दिवस जावे लागले. त्या शहरातील एका क्रीडांगणास आज त्यांचे नाव आहे. १९९८ साली जागतिक फुटबॉल महासंघाने त्यांना आपला सन्मान जाहीर केला, तेव्हा त्यांच्या मृत्यूस सहा वर्षे होत आली होती.