यंत्र नवं, प्रोग्रॅम जुना

व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये, पेंटॅगॉनपासून जवळच, जॉइस स्ट्रीटवर एक छोटीशी बाग आहे. आई-बाबा भारतातून आले की संध्याकाळी आम्ही तिथे चक्कर मारायचो. बागेला ग्रेस मरे हॉपर यांचं नाव आहे. कोबोल शिकताना हे नाव पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत दोन मार्कांचं उत्तरही लिहिलेलं. त्यापलीकडे या बाई कोण, हे जाणून घ्यायची गरज कधी वाटली नाही. ती वाटली गेल्या हिवाळ्यात, नोकरीच्या शेवटच्या टप्प्यावर.

मी १९९८ साली पुण्याहून इथे आले ती ‘वाय-टू-के’च्या लाटेत. तेव्हा आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली कोबोलच्या जोरावर अमेरिकेत आली. आता आमच्या कंपनीने ते जुने प्रोग्रॅम मेनफ्रेमवरून लिनक्सवर न्यायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी कंपायलरने चुकांची भली मोठी यादी तोंडावर फेकली. बोलीभाषेचा पर्याय आयबीएमचा निवडला, तेव्हा बिल्ड झाला. पण रिपोर्ट जुळेना. मेनफ्रेमच्या अक्षरक्रमात आकडे अक्षरांनंतर येतात, लिनक्सवर अक्षरांच्या आधी. त्यामुळे पॉलिसी क्रमांकांची रांगच उलटीपालटी झाली. टीममधल्या तरुण मंडळींचं मत एकच, की हा जुना कचरा फेकून द्यावा. मला ते लागलं. त्या हट्टातच मी ग्रेसबाईंचं चरित्र वाचायला घेतलं.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना अलार्मचं घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला त्यांनी एक घड्याळ उघडलं. ते परत जुळेना म्हणून दुसरं, मग तिसरं, असं करत घरातली सात घड्याळं खोलून ठेवली. आईने यापुढे एकाच घड्याळाची परवानगी दिली! पुढे व्हासार कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकल्या, व्हासारमध्येच शिकवू लागल्या आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. मिळवली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्यांना नौदलात जायचं होतं. पण वय जास्त आणि वजन कमी. तरी पिच्छा सोडला नाही. १९४३ च्या अखेरीस राखीव दलात घेतलं गेलं आणि १९४४ मध्ये नेमणूक झाली हार्वर्डला, ‘मार्क वन’ या ५१ फूट लांब गणकयंत्रावर. सूचना कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायच्या. एखादा चांगला चाललेला तुकडा दुसऱ्या कामात हवा असेल तर वहीतून हाताने उतरवायचा, आणि उतरवताना हमखास चुका व्हायच्या. ‘मार्क टू’च्या रिलेमध्ये अडकलेला पतंग १९४७ च्या सप्टेंबरमध्ये सापडला आणि नोंदवहीत चिकटवला गेला, ती गोष्ट अनेकांना माहीत असेल. तो ग्रेसबाईंनी स्वतः शोधला नव्हता, आणि ‘बग’ हा शब्दही त्याआधीचा. पण ती गोष्ट घरोघरी पोहोचवली ती त्यांनीच.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक तयार होत होता. उतरवण्याच्या चुका डोक्यात होत्याच. माणूस उतरवताना चुकतो, तर हे काम यंत्रालाच का देऊ नये? १९५२ मध्ये त्यांनी ‘ए-झिरो’ तयार केला. तपासून ठेवलेले तुकडे टेपवर असायचे, प्रत्येकाला क्रमांक असायचा आणि यंत्र ते शोधून, जोडून पूर्ण प्रोग्रॅम बनवायचं. आज बिल्ड करताना लिंकर जे करतो, त्याचाच हा पूर्वज. यंत्र फक्त आकडेमोड करतं, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं सांगून लोकांनी बराच काळ त्याकडे लक्षच दिलं नाही.

मग त्यांनी इंग्रजी शब्दांत सूचना घेणारी भाषा पुढे आणली, ती ‘फ्लो-मॅटिक’. या काळातली एक हकीकत त्या मजेने सांगत. यंत्राला शब्दांशी देणंघेणं नसतं, हे दाखवायला त्यांनी त्याच सूचना फ्रेंच आणि जर्मनमध्येही चालवून दाखवल्या. वरिष्ठ खूश होण्याऐवजी हबकलेच. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच-जर्मन कसं काय कळणार!

१९५९ मध्ये सरकार, उद्योग आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक पेंटॅगॉनमध्ये जमले. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, म्हणून यंत्र बदललं की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहायचे. हा खर्च कोणालाच परवडेना. त्यातून कोबोल आली. ती एकट्या ग्रेसबाईंनी लिहिली नाही. त्या सल्लागार होत्या, लिहिणारी समिती वेगळी होती. पण फ्लो-मॅटिकची छाप तिच्यावर स्पष्ट आहे. कोबोलच्या प्रोग्रॅमचे चार भाग असतात. त्यातला दुसरा, ‘एन्व्हायर्नमेंट डिव्हिजन’, फक्त यंत्राशी संबंधित गोष्टींसाठी. घर बदललं तर पत्ता बदलावा, माणूस नव्हे, तसंच हे. डिसेंबर १९६० मध्ये जवळपास तोच कोबोल प्रोग्रॅम लागोपाठ दोन दिवशी आरसीए आणि युनिव्हॅक अशा दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवला गेला.

पण तिथे गोष्ट संपत नाही. प्रत्येक कंपनीने कोबोलला आपापली फोडणी दिली. नाव एक, बोली दहा. १९६६ च्या अखेरीस नौदलाने ग्रेसबाईंना वयामुळे निवृत्त केलं आणि काही महिन्यांतच, १९६७ मध्ये, सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, हा गोंधळ निस्तरायला. सहा महिन्यांची जवळजवळ १९ वर्षं झाली! त्यांच्या गटाने कंपायलर तपासणारे चाचणी-प्रोग्रॅम लिहिले. विक्रेत्याच्या शब्दावर विसंबायचं नाही आणि एका यंत्राची दुसऱ्याशी तुलनाही करायची नाही. ठरलेलं प्रमाण हीच मोजपट्टी. त्यामुळे कंपन्यांच्या बोली हळूहळू जवळ आल्या.

हे वाचून मी पुन्हा कामाला बसले. एन्व्हायर्नमेंट डिव्हिजनमध्ये अक्षरक्रम स्पष्ट लिहून टाकला. रिपोर्ट जुळले, मेनफ्रेम आणि लिनक्स, अगदी ओळ न् ओळ. टीमने टाळ्या वाजवल्या. पण मोजपट्टीची गोष्ट डोक्यातून जाईना. म्हणून निकालांची एकमेकांशी तुलना करण्याऐवजी पॉलिसीच्या नियमांवरून हाताने उत्तरं काढली. आणि सापडलं! २०३० मध्ये संपणाऱ्या पॉलिसी दोन्ही यंत्रांवर १९३० च्या धरल्या जात होत्या. वर्षाचे दोनच आकडे. २९ पर्यंत या शतकातलं, ३० पासून मागच्या शतकातलं, अशी तडजोड कोणीतरी केली होती. कॉमेंटमध्ये तारीख १९९९ ची आणि आद्याक्षरं माझी.

तीस वर्षं पुढचं कोण बघतंय, असं तेव्हा वाटलं होतं. टीमसमोर हे सांगताना जड गेलं. पण टाळ्या स्वीकारून मी निवृत्त झाले असते, तर नव्या यंत्राने माझी जुनी चूक इमानेइतबारे पुढे नेली असती. आता वर्षाचे चारही आकडे लिहिले जातात आणि नियमांवर आधारलेल्या चाचण्या प्रत्येक बिल्डबरोबर चालतात. जुना कोड कचरा म्हणणाऱ्या नागपूरच्या मुलीनेच त्या लिहिल्यात.

ग्रेसबाई १९८६ च्या ऑगस्टमध्ये रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, तेव्हा वय होतं ७९. आपलं जुनं तेच बरोबर, या वृत्तीची त्यांना चीड होती. म्हणून ऑफिसच्या भिंतीवर उलटं फिरणारं घड्याळ लावलेलं असायचं. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत त्यांचं दफन झालं.

परवा मी एकटीच त्या बागेत गेले. पाटीवरचं नाव या वेळी सावकाश वाचलं.