डॉ. लूसी विल्स : रक्ताच्या थेंबातला शोध

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत मुंबईतील गरीब वस्त्यांमध्ये या म्हणण्यातली भीती फार खरी होती. परळ, लालबाग, भायखळा या भागांत कापडगिरण्यांची धुराडी दिवसरात्र धूर ओकत असत. आसपासच्या चाळींमध्ये एकेका खोलीत अनेक माणसे दाटीने राहत. या वस्त्यांतील कित्येक स्त्रियांना गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत एक विचित्र आजार जडे. चेहरा पांढराफटक पडे, पावलांना सूज येई, चार पायऱ्या चढताना दम लागे, जीभ सोलल्यासारखी होई, अन्न अंगी लागेनासे होई. काहींचे मूल आधीच दगावे, काही स्वतः बाळंतपणात प्राण सोडत. घरचे लोक नशिबाला दोष देत. डॉक्टरांनाही आजाराचे नाव ठाऊक होते, कारण मात्र ठाऊक नव्हते. कोलकात्यातील डॉक्टरांनी १९२७ च्या सुमारास अशाच रुग्ण स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या. म्हणजे हे दुखणे एका शहराचे नव्हते.

या कोड्याची उकल करण्यासाठी १९२८ च्या अखेरीस एक इंग्रज स्त्री-वैद्यक मुंबईत आल्या. त्यांचे नाव डॉ. लूसी विल्स. त्या विकृतिशास्त्रज्ञ होत्या. रोग्याच्या रक्तात, लघवीत किंवा पेशींमध्ये रोगाने काय बदल घडवले आहेत, हे तपासून रोगाचे निदान करणे हे विकृतिशास्त्रज्ञाचे काम. रोग्याला तो औषध पाजत नाही, त्याच्या खाटेजवळ फारसा दिसतही नाही; परंतु त्याचे निदान चुकले, तर खाटेजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरचे सारे उपाय चुकतात.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. कुटुंब सुखवस्तू होते आणि वडिलांना विज्ञानाची व निसर्गनिरीक्षणाची आवड होती. शालेय शिक्षणानंतर त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या आणि वनस्पतिशास्त्र व भूविज्ञान या विषयांच्या परीक्षा त्यांनी १९११ मध्ये पूर्ण केल्या. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तरी पदवी मिळाली नाही. कारण केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे. हा अन्याय १९४८ मध्ये दूर झाला, तेव्हा विल्स साठ वर्षांच्या झाल्या होत्या. १९११ मध्येच वडिलांचे आणि पुढे दोन वर्षांनी थोरल्या बहिणीचे निधन झाले. पहिले महायुद्ध पेटले, तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाऊनच्या रुग्णालयात काही काळ त्यांनी स्वयंसेविका म्हणून परिचारिकेचे काम केले. वैद्यकाकडे वळण्याचा निश्चय याच सुमारास झाला असावा. १९१५ मध्ये त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. दवाखाना थाटून पैसा मिळवण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या गर्भवती स्त्रियांच्या शरीरातील रासायनिक बदलांचा अभ्यास करू लागल्या.

भारतात अनेक वर्षे स्त्री-रुग्णांची सेवा केलेल्या डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी त्यांना मुंबईत बोलावून घेतले. गरोदरपणातील व बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी करण्याचे काम तेव्हा हाती घेण्यात आले होते आणि त्यासाठी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने पैसा पुरवला होता. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांना जागा मिळाली. काही महिन्यांतच त्या निलगिरीतील कुन्नूर येथे गेल्या, नंतर काही काळ मद्रासच्या स्त्रियांच्या रुग्णालयातही त्यांनी काम केले. परंतु त्यांच्या कामाचे मूळ केंद्र मुंबईच राहिले.

रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने फारच कमी आणि आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. असेच चित्र आणखी एका रोगात दिसे. पाश्चात्त्य देशांतील डॉक्टर त्याला परनिशस ॲनिमिया, म्हणजे घातक पंडुरोग, म्हणत. त्यावर नुकताच, १९२६ मध्ये, अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी यांनी उपाय शोधून काढला होता : रोग्याला भरपूर यकृत खाऊ घालायचे. सारखी दिसणारी पेशी, म्हणजे सारखा रोग, म्हणजे सारखे औषध, असा सोपा निष्कर्ष कोणीही काढला असता. विल्स यांनी तो घाईने काढला नाही. घातक पंडुरोगात जठरातील आम्ल नाहीसे होते, पुढे पुढे मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. मुंबईच्या स्त्रियांमध्ये ही लक्षणे सहसा आढळत नव्हती. तेव्हा चित्र एक असले, तरी दुखणे वेगळे असावे, अशी शंका त्यांच्या मनात बळावली.

उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, हे लक्षात आल्यावर त्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या. डॉ. तळपदे यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली आणि ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. कोणत्या घरात काय शिजते, दूध, फळे, पालेभाजी कोणाच्या वाट्याला किती येते, घरात ऊन-वारा येतो का, असे प्रश्न होते. आकड्यांमागून एक गोष्ट हळूहळू पुढे आली. ज्या स्त्रियांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा आजार अधिक होत होता. गरीब मुसलमान कुटुंबांतील स्त्रियांचे प्रमाण त्यांत मोठे होते. घरातल्या सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेल्यावर भागवणाऱ्या बाईच्या ताटात काय असते, हे आपल्या समाजात सर्वांना ठाऊक होते. पण त्या ताटाचा आणि रक्तातील पेशीचा संबंध तोवर कोणी शास्त्रीय रीतीने तपासला नव्हता.

आता प्रयोग आवश्यक होता. मुंबईतील गरीब स्त्रिया जो आहार घेत, तसाच आहार विल्स यांनी उंदरांना दिला. गाभण उंदरांना पंडुरोग झाला आणि यीस्ट दिल्यास तो टळला. एखादा उतावळा संशोधक इथेच थांबून शोध जाहीर करता. पण उंदरांच्या अंगावरील उवांमुळे पसरणारा जंतुसंसर्गही त्यांचे रक्त बिघडवत असल्याचे आढळून आले. मग पंडुरोग आहारामुळे की संसर्गामुळे, हे सांगणार कसे? आपल्याच प्रयोगावर असा संशय घेणे सोपे नसते, त्यात श्रमही वाया गेल्यासारखे वाटतात. विल्स यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांवर तो प्रयोग नव्याने केला. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांच्या रक्तातही मोठ्या पेशींचा पंडुरोग उत्पन्न झाला. त्या प्रयोगांचा वृत्तान्त १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला.

दरम्यान रुग्णांवरील उपचारही सुरू होते. यकृताचा अर्क गुणकारी ठरे, पण तो महाग होता. गरिबाघरच्या बाईला तो परवडणार कसा? विल्स यांनी यीस्टपासून तयार केलेला मार्माइट नावाचा काळपट, खारट चवीचा अर्क वापरून पाहिला. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून तो इंग्लंडमध्ये बनत असे आणि ब्रिटिश कुटुंबांत पावाला लावून खाल्ला जाई. तो स्वस्त होता, शिवाय त्यात मांसाचा अंश नव्हता. काही दिवसांतच रुग्ण स्त्रियांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी वेगाने दिसू लागल्या. हाडांतील मज्जा पुन्हा कामाला लागल्याची ती खूण होती. अन्नावरची वासना परतली, चेहऱ्यावर रंग आला. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. या शोधाच्या कथेत मार्माइटचेच कौतुक फार होते. ते साहजिक असले, तरी खरे मोल त्याआधीच्या पाहणीचे आणि पुन्हा पुन्हा केलेल्या तपासणीचे होते.

मूळ शंका मात्र अजून बाकी होती. हा रोग आणि घातक पंडुरोग एकच की वेगवेगळे? काही वर्षांत याचे उत्तर मिळाले. घातक पंडुरोगासाठी यकृताचा अधिकाधिक शुद्ध केलेला अर्क वापरात येऊ लागला होता. तो त्या रोगावर उत्तम चाले. परंतु विल्स यांच्या रुग्णांवर त्याचा परिणाम होत नसे. उलट, यकृताचा ओबडधोबड, कमी शुद्ध केलेला अर्क त्यांना बरे करी. शुद्ध करताना जो घटक निघून जात होता, तोच या स्त्रियांना हवा होता. १९३७ मध्ये विल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा निष्कर्ष मांडला. त्या अज्ञात घटकाला पुढे वैज्ञानिकांनी विल्स घटक असेच नाव दिले. त्याच वर्षाच्या शेवटी त्या पुन्हा सुमारे दहा आठवड्यांसाठी हाफकिन संस्थेत आल्या. या वेळी साउथॅम्प्टनहून कराचीपर्यंत त्यांनी विमानाने प्रवास केला.

पूर्व भारतातही या काळात काम चालू होते. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये एव्हरार्ड नेपियर यांनी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांच्या पंडुरोगाचा अभ्यास केला. तिथे आतड्यातील अंकुशकृमी रक्त शोषत आणि शरीरातले लोह संपून पेशी लहान व फिक्या होत. कोलकात्यातील गर्भवतींच्या पंडुरोगावरील स्वतंत्र अहवाल १९४१ मध्ये निघाला. पंडुरोग हे एका रोगाचे नाव नाही, अनेक कारणांनी दिसणारी ती खूण आहे, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट होत गेले.

विल्स घटक म्हणजे नेमके काय, हे दूर अमेरिकेत उलगडले. १९४१ मध्ये टेक्सास येथील संशोधकांनी चार टन पालक वापरून त्यातून एक आम्ल अल्प प्रमाणात वेगळे केले. लॅटिन भाषेत पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचे नाव फॉलिक आम्ल पडले. लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार झाले. तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. पालक, मेथी, चवळई, मूग, हरभरा यांत हे जीवनसत्त्व असते. भाजी फार वेळ उकळत ठेवली, तर मात्र त्याचा बराचसा नाश होतो.

फॉलिक आम्ल मिळाल्यावर ते प्रत्येक पंडुरोग्याला देऊन टाकावे, असे काहींना वाटले. तेव्हा विल्स यांच्या काटेकोरपणाचे महत्त्व प्रत्ययाला आले. घातक पंडुरोग हा ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग आहे. त्या रोग्याला नुसते फॉलिक आम्ल दिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. रक्ताच्या अहवालावर समाधान मानणारा डॉक्टर अशा रोग्याला अपंग होऊ देईल. दोन सारख्या चित्रांमधला फरक ओळखणे हा केवळ विद्वत्तेचा खेळ नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात विल्स लंडनमध्ये राहून रॉयल फ्री रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागाचे काम सांभाळत होत्या. १९४४ च्या जुलैमध्ये रुग्णालयावर बॉम्ब पडून त्या विभागाचीही हानी झाली. तरीही गर्भवती स्त्रियांना लोहाच्या गोळ्या नियमित दिल्याने खरोखर फायदा होतो का, याचा तौलनिक अभ्यास त्यांनी केला आणि १९४७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

भारत सरकारने १९७० मध्ये पंडुरोग प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हापासून गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून गर्भवतींना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या दिल्या जात आहेत. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व कण्यातील काही जन्मजात दोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये एका व्यापक चाचणीने सिद्ध केले. असे असूनही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील निम्म्याहून थोड्या अधिक, म्हणजे ५२ टक्के, गर्भवती पंडुरोगी आढळल्या.

लूसी विल्स यांनी विवाह केला नाही. बडेजाव त्यांना मानवत नसे. वरिष्ठ पदावर असतानाही त्या सायकलवरून कामावर येत. निवृत्तीनंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका या देशांत जाऊन त्यांनी तेथील लोकांच्या आहाराचा आणि पंडुरोगाचा अभ्यास चालूच ठेवला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्या लंडनच्या चेल्सी भागाच्या नगरपालिकेत मजूर पक्षाच्या सदस्य होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.