नदीच्या हवाली केलेले मूल

पवित्र कुरआनात ज्या प्रेषिताचे नाव सर्वात जास्त वेळा येते, ते हजरत मूसा (अलैहिस्सलाम). यहुदी आणि ख्रिस्ती बांधव ज्यांना मोशे म्हणतात, तेच हे. त्यांची कथा कुरआनात एका ठिकाणी सलग सांगितलेली नाही. ती अनेक सूरहांमध्ये, म्हणजे अध्यायांमध्ये विखुरलेली आहे. हे तुकडे जुळवत गेले की ध्यानात येते, या माणसाच्या आयुष्याची बहुतेक वळणे पाण्याकाठची आहेत.

मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये, फिरऔनचे राज्य होते. बनी इस्राईल ही तिथली गुलाम जमात. त्यांच्या मुलींना जिवंत ठेवायचे आणि मुलगे मारायचे, असा हुकूम सुटलेला. अशा दिवसांत मूसांचा जन्म झाला. आईच्या मनात अल्लाहने सुचवले ते विलक्षणच होते. बाळाला पाज आणि धोका वाटला की पेटीत घालून नदीत सोड. घाबरू नको, ते तुझ्याकडे परत येईल. शिपायांपासून वाचवायला नाईलसारख्या नदीच्या पोटात तान्हे मूल द्यायचे! कुरआन या आईला कुठेही निर्भय दाखवत नाही. तिचे काळीज रिते झाले होते, अल्लाहने धीर दिला नसता तर सारे गुपित तिने बोलून टाकले असते, असे तिथे सांगितले आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे कंसाचा बंदिवास आणि कुंतीची पेटी, दोन्ही आठवतील. पण कुंतीने मूल सोडले ते लोकलाजेने. मूसांच्या आईने सोडले ते जगवण्यासाठी.

मूसांची बहीण दुरून पेटीवर नजर ठेवून होती. पेटी लागली ती थेट फिरऔनच्या घराला. त्याच्या पत्नीला, परंपरेत तिचे नाव आसिया, बाळाची माया लागली आणि तिने त्याला मारू दिले नाही. बाळ मात्र कोणत्याच दाईच्या अंगावर पिईना. तेव्हा बहिणीने पुढे होऊन एका चांगल्या घराचा पत्ता सांगितला. अशा रीतीने मूल आईच्याच कुशीत आले, तेही राजवाड्याच्या संमतीने.

तरुणपणी मूसांच्या हातून एक माणूस मेला. भांडण सोडवताना मारलेल्या एका ठोशाने त्याचा जीव गेला. त्यांनी अल्लाहकडे क्षमा मागितली, पण दरबारात त्यांच्या वधाचा विचार सुरू झाला होता. शहराच्या टोकाकडून धावत आलेल्या एका माणसाने ही खबर दिली आणि मूसा मदयनकडे निघाले.

मदयनच्या विहिरीवर गुराख्यांची झुंबड होती. दोन मुली आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. वडील म्हातारे, आणि गुराखी निघून गेल्याशिवाय यांना पाणी मिळणार नव्हते. उन्हाळ्यात टँकरभोवतीची गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला हे चित्र समजावून सांगायला नको. मूसा स्वतः उपाशी, अनोळखी मुलखात, डोक्यावर खुनाचा आळ. त्यांनी त्यांची जनावरे पाजली आणि मोबदला न मागता सावलीत जाऊन बसले. तिथे त्यांनी अल्लाहला एवढेच विनवले की, जे काही भले मिळेल त्याची आपल्याला गरज आहे. पुढे समुद्र दुभंगला त्यापेक्षाही हा प्रसंग त्यांची ओळख अधिक सांगतो, कारण इथे ना काठी होती ना चमत्कार. त्यातली एक मुलगी लाजत त्यांना बोलवायला आली. म्हाताऱ्याने त्यांना आसरा दिला आणि आठ ते दहा वर्षांच्या चाकरीच्या करारावर मुलगी दिली.

तूर पर्वताजवळ प्रेषितपद मिळाल्यावर मूसा फिरऔनसमोर उभे राहिले. मिसरची सत्ता आपली, इथले पाट आपल्या पायाखालून वाहतात, ही त्या राजाची घमेंड होती. शेवटी बनी इस्राईलला घेऊन मूसा रातोरात निघाले. उजाडताना पुढे समुद्र आणि मागे फौज. सोबतच्यांनी आशा सोडली. मूसांनी सोडली नाही. हुकमाप्रमाणे त्यांनी काठी मारली, पाणी डोंगरासारखे दुतर्फा उभे राहिले आणि मधून कोरडी वाट झाली. पाठलाग करणारा राजा त्याच वाटेत बुडाला. बाळाची पेटी ज्यात सोडली त्या नदीसाठी कुरआनात ‘यम्म’ हा शब्द आहे, आणि फिरऔन ज्यात बुडाला त्या समुद्रासाठीही तोच.

या सुटकेची आठवण म्हणून मदीनेतले यहुदी मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, आशुराला, उपवास करत. प्रेषित मुहम्मद (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) यांनी मुस्लिमांनाही तो रोजा ठेवायला सांगितले. हिजरी सन २ मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले आणि आशुराचा रोजा ऐच्छिक राहिला.

पलीकडे वाळवंट होते. लोक तहानेने कासावीस झाले तेव्हा काठी खडकावर मारण्याचा हुकूम आला आणि बारा झरे फुटले. जमाती बारा होत्या, आणि प्रत्येकीला आपला पाणवठा ठरवून मिळाला. पाणी देण्याबरोबर त्याची वाटणीही करून दिलेली होती.

एकदा मूसांना विचारले गेले की, सर्वात ज्ञानी कोण. आपणच, असे ते म्हणून गेले. अल्लाहला ते रुचले नाही. दोन समुद्र मिळतात तिथे अधिक जाणणारा एक बंदा आहे, त्याला शोधा, असा आदेश झाला. खूण ठरली बरोबरच्या माशाची. मासा निसटून समुद्रात गेला तीच जागा. पण सोबतचा तरुण ते सांगायला विसरला आणि दोघांना माघारी यावे लागले. हदीसमध्ये या बंद्याचे नाव खिज्र आहे. ते दोघे नावेत असताना एक चिमणी काठावर बसली आणि तिने समुद्रात चोच बुडवली. खिज्र यांनी मूसांना सांगितले की, चिमणीने समुद्रातून जेवढे उचलले तेवढेच आपल्या दोघांचे ज्ञान, अल्लाहच्या ज्ञानापुढे.

बनी इस्राईलने पवित्र भूमीत शिरायला नकार दिल्याने त्यांना चाळीस वर्षे भटकावे लागले. मूसांनाही तिथे पोहोचता आले नाही. तौरातच्या वृत्तांतानुसार यार्देन नदीच्या अलीकडेच ते वारले. हदीसनुसार, त्या भूमीपासून दगड फेकण्याच्या अंतरावर मरण यावे, अशी त्यांनी प्रार्थना केली होती, आणि त्यांची कबर लाल वाळूच्या टेकाडाजवळ, वाटेच्या कडेला आहे. बनी इस्राईलला पुढे त्या भूमीत नेले ते यूशा बिन नून यांनी. माशाची गोष्ट सांगायला विसरलेला तरुण तो हाच.