ताटातील वाद आणि धर्मानंद कोसंबी

पावसाळा लागला की मोहर्लीच्या रानात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, जमिनीतून डोके वर काढतात, सात्यांची अळंबी उगवते आणि ओल्या मातीत रानडुकरे मुळे उकरीत हिंडतात. या तिन्हींची चव या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि तिन्हींच्या आड आज व्याघ्रप्रकल्पाचा कायदा उभा आहे. योगायोग असा की, गौतम बुद्धाने पावा येथे चुंद लोहाराच्या घरी जे अखेरचे भोजन केले, त्यातील ‘सूकरमद्दव’ या पक्वान्नाचा अर्थ लावताना पाली टीकाकारांनी याच तीन वस्तू सांगितल्या आहेत. कोणी त्याला डुकराचे मऊ मांस म्हणतो, कोणी डुकरांनी तुडविलेले बांबूचे कोंब, तर कोणी डुकरे फिरली त्या जागी उगवलेली अळंबी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या ताटाचा प्रश्न मराठीत ज्याने निर्भयपणे मांडला, त्या धर्मानंद कोसंबींचे चरित्र म्हणूनच आठवण्याजोगे आहे.

धर्मानंदांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ येथे सारस्वत कुटुंबात झाला. मासे खाणारा ब्राह्मण हा ब्राह्मण कसा, हा वाद ज्या समाजाने शतकानुशतके ऐकला, त्या समाजाचे ते पुत्र. ‘बालबोधमेवा’ मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने त्यांना वेड लावले आणि १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्यांची भ्रमंती झाली. काशीत अन्नछत्राचे अन्न आणि पुढे श्रमणवेषात भिक्षेचे अन्न खाऊन त्यांनी विद्या मिळविली. जे पुढे येईल ते खाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले आणि १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली.

त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण आहे. सूकरमद्दवाचा अर्थ संदिग्ध असला, तरी वैशालीच्या उग्ग गृहपतीने बुद्धाला बोरे घालून शिजविलेले डुकराचे मांस आवडीची वस्तू म्हणून अर्पण केल्याचा उल्लेख अंगुत्तरनिकायात आहे. कोसंबींनी तो दडविला नाही. एवढ्यावर न थांबता त्यांनी प्राचीन जैन आगमांतील उल्लेखही पुढे ठेवले आणि जैन समाजात संतापाची लाट उसळली. त्या शब्दांचे अर्थ मांस आणि हाडे असे नसून फळांचा गर आणि बिया असे आहेत, असे जैन पंडितांचे म्हणणे होते. हा पक्षही विचारात घेण्यासारखा आहे. परंतु ज्यांनी विद्वत्तेऐवजी रोषाने उत्तर दिले, त्यांच्यापुढे कोसंबी नमले नाहीत. मांसाहाराचा प्रचार हा त्यांचा हेतू नव्हता. पूर्वजांच्या ताटात काय होते हे आपल्या सोयीने ठरवू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता.

बुद्धाची मर्यादाही येथे ध्यानात घ्यावी लागते. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला, तर भिक्षूने ते मांस घेऊ नये, असा नियम होता. दहा प्रकारचे मांस सर्वस्वी वर्ज्य होते आणि त्यांत वाघ, बिबळ्या व अस्वल यांचा समावेश होता. असे मांस खाणाऱ्याच्या अंगाच्या वासाने ती जनावरे रानात भिक्षूंवर धावून जातात, असे त्याचे कारण विनयग्रंथात दिले आहे. मोहर्लीच्या माणसाला ते पटण्यास वेळ लागू नये! मात्र मांस-मासळी सर्वांनाच वर्ज्य करावी, ही देवदत्ताची मागणी बुद्धाने मान्य केली नाही. अखेरच्या भोजनानंतर प्रकृती बिघडली, तेव्हा चुंदाला दोष देऊ नये, उलट त्याचे अन्नदान मोठ्या पुण्याचे ठरले असे त्याला सांगावे, अशी आज्ञा त्याने आनंदाला केली. आवडीने रांधलेल्या अन्नामागच्या मनाची एवढी कदर क्वचितच कोणी केली असेल.

कोसंबींच्या जीवनाचा शेवट विलक्षण आहे. शरीर निरुपयोगी झाले, आता त्याचा भार कोणावर नको, म्हणून त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. गांधीजींच्या आग्रहावरून एकदा सोडलेले हे व्रत त्यांनी सेवाग्राम आश्रमात पूर्ण केले आणि जून १९४७ मध्ये देह ठेवला. ज्यांच्यावर जैन धर्माच्या निंदेचा आरोप झाला, त्यांनी मृत्यूचा मार्ग जैन परंपरेतून घेतला आणि ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक मागे ठेवले.

मोहर्ली ज्या भद्रावती तालुक्यात आहे, त्या भद्रावतीत विजासनची बौद्ध लेणी आणि पार्श्वनाथाचे मंदिर एकाच गावात उभी आहेत. चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी हजारोंनी डॉ. आंबेडकरांकडून धम्मदीक्षा घेतली. अशा मुलखात दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून त्याचा धर्म, जात आणि नीती ठरविण्याची घाई कोणी करू नये. काय खावे याचा विवेक जरूर असावा. हिंसा टाळावी, रान राखावे, कायदा पाळावा. पण तो विवेक प्रथम स्वतःच्या ताटाला लावावा. इतिहासाबाबत निर्भय, स्वतःच्या देहाबाबत कठोर आणि इतरांच्या घासाबाबत उदार असलेल्या कोसंबींनी तो तसाच लावला.