वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोची माती

डॉ. पांडुरंग खानखोजे यांना आपण क्रांतिकारक म्हणून ओळखतो. मला मात्र परमुलुखात बिऱ्हाड मांडणारे खानखोजे अधिक जवळचे वाटतात.

वर्ध्याचे हे तरुण विशीच्या सुमारास देशाबाहेर पडले. अमेरिकेत ते शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत शिरले. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची वाट बंद झाली. १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले. भाषा स्पॅनिश, माणसे अनोळखी. पण चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी तेथील शिक्षणखात्याच्या भिंतीवर पंक्तीत भाकरी मोडणारा माणूस रंगवला. त्याला चेहरा दिला खानखोजे यांचा! १९३६ साली त्यांनी एका बेल्जियन तरुणीशी विवाह केला. मुलींची नावे सावित्री आणि माया. घर परदेशात, पण हाक मारायची ती आपल्याच नावांनी! स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. शिकणे म्हणजे शेतीतून सुटणे, असे आमच्याकडे मानतात. खानखोजे शिकले, सातासमुद्रापार गेले आणि पुन्हा शेतातच उतरले. परक्या देशाने त्यांना आपले म्हटले, ते या मातीतल्या कामामुळेच. पदवी हाती घेऊन गावाकडे पाठ फिरवण्यापूर्वी आपण विद्यार्थ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.