भिक्खू ह्युएनत्संग

शाळेत मुलांचे गट पाडून प्रवाशांचे तक्ते करवतात. कोलंबस, वास्को-द-गामा हमखास. चिनी भिक्खू ह्युएनत्संग मात्र राहून जातात. ते सोन्या-मिऱ्यांसाठी नव्हे, धम्मग्रंथांसाठी निघाले, तेही बादशहाची बंदी मोडून. वाळवंटात पखालीतलं पाणी सांडलं. थोडं मागे फिरले, पण पुन्हा पश्चिमेकडेच वळले. नालंदेत वृद्ध आचार्य शीलभद्रांजवळ शिकले. पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आले. दाराशी दगडी हत्ती असलेलं लेणं त्यांनी वर्णिलंय, ते अजिंठ्याचंच मानतात. तो डोंगर तर आपल्या बुलढाण्यापर्यंत आलाय! नकाशा काढणाऱ्या गटाने तिथे टिंब जरूर द्यावं. इ.स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ २० घोड्यांवर लादून ते मायदेशी पोचले आणि ६६४ साली देह ठेवेपर्यंत भाषांतरच करीत राहिले.