चित्रकार रावबहादूर धुरंधर

लक्ष्मी, सरस्वती किंवा रामपंचायतन यांची काच बसविलेली छापील तसबीर कोकणातील जुन्या घरांच्या देवघरात हमखास आढळते. आगरदांडा परिसरातील घरांनाही ती नवी नाही. देवादिकांची अशी चित्रे सामान्यांच्या घरी पोहोचविणाऱ्या कलावंतांत कै. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव आदराने घेतले जाते.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले आणि पुढच्याच वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले.

त्या काळी मोठ्या चित्रांचा पोशिंदा म्हणजे संस्थानिक. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी पुराणातील प्रसंगांची १४ चित्रे रंगविली, ती राजवाड्यासाठी. मात्र १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत शिळाछापखाना काढला आणि तीच पौराणिक चित्रे अल्प किमतीत बाजारात आली. आश्रयदाता बदलू लागला. एका राजाच्या जागी हजारो घरे आली.

धुरंधरांनी हा बदल ओळखला. औंधच्या संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत, दिल्लीच्या सचिवालयात त्यांनी भित्तिचित्रे काढली. पण त्याचबरोबर पुस्तके, मासिके, पोस्टकार्डे व जाहिराती यांसाठीही त्यांचा हात अखंड चालला. मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तम विश्राम मावजी यांच्या ‘सुवर्णमाला’ मासिकात त्यांची पौराणिक चित्रे आली. १९१४ साली किंकेड यांनी आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्या पुस्तकातील चित्रेही धुरंधरांचीच. काळ्या शाईने काढलेल्या रेषेचा ठसा करून ती थोड्या खर्चात छापता येई. त्यामुळे देवांच्या कथा रेखाटनांच्या रूपाने साध्या वाचकाच्या हाती पडल्या. चार आण्यांच्या गिऱ्हाईकासाठी म्हणून त्यांनी रेषेत कधी कसूर केली नाही. त्यांच्या देवींच्या अंगावरची नऊवारी, दागिने, बसण्याची ढब हे सारे आपल्याच घरातले वाटते.

१९२७ साली त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला. १९३० साली काही काळ कलाशाळेचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. १९३१ साली ते निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचे आत्मकथन १९४० साली प्रसिद्ध झाले. १ जून १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

संस्थाने गेली, दरबार संपले. पण घरोघरच्या तसबिरी राहिल्या. अनेकांच्या लहान हातांनी उचललेले काम टिकते, हे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी यथाशक्ति वर्गणी देणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. या थोर चित्रकाराच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!